तोरणाखाली बसलेली जर्मन गाडी

ओमप्रकाश निस्ताने यांची जर्मन गाडी त्या सकाळी पुन्हा बसलेली आढळली. बंद पडली होती, असे येथे म्हणायचे नाही. ती खरोखरच बसली होती. संध्याकाळी अंगणात ताठ उभी केलेली ती काळी चकचकीत वस्तू उजाडेपर्यंत मागच्या बाजूने अशी खचत असे, की पाहणाऱ्याला वाटावे, हिला उठवायचे तर आता शेपूटच पिळावी लागणार. लीलाबाईंनी तुळशीला पाणी घातले, सूर्याला हात जोडले आणि मग त्या दिशेने एकदाच पाहिले.

"मोहिनी," त्यांनी सुनेला हाक दिली, "तुह्या नवऱ्याले उठव. म्हनाव, म्हैस बसली."

ओमप्रकाश डोळे चोळत ओसरीवर आला. वय पन्नाशीचे, रोहण्यात बी-बियाण्यांचे चालते दुकान, बोटांत तीन अंगठ्या. पण आईसमोर आवाज अजून पाचवीतला.

"माय, म्हैस काऊन म्हनतं वं तिले? एअर सस्पेन्शन हाय थे. गाडी हवेवर उभी राह्यते."

"हवेवर तं तूही उभा हाय. तू असा बसत नाई."

मोहिनीने तोंडाला पदर लावला आणि चहा उतू जात असल्याचे निमित्त करून ती आत गेली. चहा उतू जात नव्हता.

ही गाडी निस्तान्यांच्या अंगणात आली ती लीलाबाईंच्या जावयामुळे. कारंज्याचे सचिनराव जमिनीच्या व्यवहारांत मध्यस्थी करतात, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीविषयी बोलून स्वतःचे पोट भरतात. मोबाइलवर गाड्यांची चित्रे पाहून पाहून त्यांना असा आत्मविश्वास आला होता, की जगातल्या कोणत्याही इंजिनाविषयी ते उघडून न पाहता त्यांना बोलता येई. नागपूरच्या कोणा डॉक्टरची गाडी विकाऊ आहे, हा शोध त्यांचाच.

"ओमभाऊ, मौका हाय," त्यांनी ओसरीवर बसून सांगितले होते. "नवी घेतली तं साठ लाख. आपल्याले नऊ लाखात भेटून राह्यली. डॉक्टर तिच्यात फक्त रविवारी बसत, तेही मंदिरात जाले."

"एवढी गुणाची होती, तं डॉक्टरनं सोडली काऊन, जावईबापू?" लीलाबाईंनी विचारले होते. जावयाला उलट बोलू नये, ही रीत त्या कसोशीने पाळत. प्रश्न विचारायला मात्र त्या रीतीची आडकाठी नव्हती.

"आई, मोठे लोक दर चार वर्षांनी गाडी बदलतात."

"अन् बिघाड कोनाले देतात?"

यावर सचिनराव मोठ्याने हसले होते. ज्या प्रश्नाला उत्तर नसे, त्याला ते असेच हसत.

उत्तर हळूहळू मिळाले. गाडी धुवायला काढली, की छताच्या काचेतून पाणी थेट चालवणाऱ्याच्या टाळूवर पडे. पुढच्या एका दिव्याला तडा गेला, त्याचा भाव ऐकून मोहिनी म्हणाली, "येवढ्यात तं आपल्या गल्लीत खांबावर दिवे लागले असते." किल्ली खिशात असूनही गाडीला ती दिसेना आणि मालकाला स्वतःच्याच गाडीबाहेर तिष्ठत उभे राहावे लागे. लीलाबाईंना या सगळ्यातून एक गोष्ट स्वच्छ उमगली, जी त्यांच्या शिकलेल्या मुलाला आणि बोलक्या जावयाला उमगली नव्हती: गाडी जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची नव्हे. साठ लाखांच्या गाडीचे आजारपण साठ लाखांचेच राहते. मग ती नऊ लाखांत घ्या, नाहीतर कोणी दारात फुकट बांधून जावो. हत्ती स्वस्त मिळाला, म्हणून त्याचा चारा कमी होत नाही.

बसण्याचा विकार जडल्यावर ओमप्रकाशने नागपूरच्या कार्यशाळेला फोन लावला. तेथे काम करणाऱ्या मंडळींची वाणी अशी मृदू, की ऐकणाऱ्याने कृतज्ञ होऊन पैसे द्यावेत.

"सर, मागचे दोन्ही सस्पेन्शन गेलेत. हवा भरणारा पंपही कमकुवत झालाय. दोन्ही बाजू एकदम बदलाव्या लागतात, सर. एकच बदलली तर दुसरी त्रास देते."

"किती लागतीन?"

"टॅक्ससकट दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास. आपण या तर खरे, सर, कॉफी घेत सविस्तर बोलू."

"कॉफी त्याच्यातच हाय का येगळी?" लीलाबाईंनी शेजारून विचारले. ओमप्रकाशने घाईने फोन कानाशी दाबला.

शेवटी त्याने मधला मार्ग काढला. मधला मार्ग हा नेहमी असा असतो, की त्यावर दोन्ही बाजूंचे खड्डे मिळतात. आर्वीच्या एका गॅरेजात, अपघातात मोडलेल्या कुठल्याशा गाडीचा अवयव काढून त्याने आपल्या गाडीची उजवी बाजू तेवढी दुरुस्त करून घेतली. डावी पुढे पाहू म्हणून सोडून दिली. गाडी उभी राहिली. पैसे कोठून आले, असे आईने विचारले तेव्हा "दुकानातून" असे तो म्हणाला, आणि लीलाबाईंनी ते मान्य केले. माणूस ओळखण्यात त्या सहसा चुकत नसत. पण आपण ज्याला जन्म दिला, त्याच्या बाबतीत प्रत्येक आई एकदा तरी चुकते.

ही चूक उघडी पडली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी.

रोहण्याच्या पोळ्यात तोरणाचा पहिला मान निस्तान्यांचा. गावच्या सगळ्या बैलजोड्या मारुतीच्या देवळापुढील पटांगणात ओळीने उभ्या राहतात, समोर आंब्याच्या पानांचे तोरण ताणलेले असते, आणि निस्तान्यांची जोडी त्याखालून गेल्याशिवाय दुसऱ्या कोणी पाऊल उचलायचे नसते. लीलाबाई सून म्हणून आल्या त्या वर्षीही हेच, त्यांचे यजमान गेले त्या वर्षीही हेच. नांगरणीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला, तरी हरण्या आणि बगळ्या ही पांढरीशुभ्र जोडी त्यांनी हट्टाने ठेवली होती ती त्यासाठीच. मानाच्या ओळीत दुसरे घर प्रभाकरराव ठोंबरे यांचे. निस्तान्यांची जोडी एखाद्या वर्षी तोरणाखाली आली नाही, तर पहिला मान ठोंबऱ्यांकडे सरकणार, आणि एकदा सरकलेली वस्तू प्रभाकरराव परत देत नाहीत, हे दोन्ही शेतांमधल्या सामाईक धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, साऱ्या गावाला ठाऊक होते.

"हरण्या-बगळ्याले आन," संध्याकाळ होण्यापूर्वी लीलाबाईंनी फर्मावले. "खांदे चोळाचे हायेत. लोनी-हळद तयार हाय."

"थे… शेतातच चोळून घेतलं, माय."

"कोनं?"

"गड्यानं."

"गडी तं सकाळपासून ताप आला म्हून अथी पडवीत घोंगडी घेऊन पडला हाय."

पडवीतून खोकल्याचा आवाज आला. ओमप्रकाश अंगठी फिरवू लागला.

"ओम," लीलाबाई म्हणाल्या. या घरात हा उच्चार जपासाठी होत नसे.

"इकले, माय."

"कोनाले?"

"दलालाच्या हातानं इकले. घेनारा कोन, थे मले नाई माहीत. गाडी उभीच नाई राह्यत होती वं…"

"गाडी उभी राह्यली पाह्यजे म्हून उभे बैल इकले?"

त्यांनी त्याच्यावर हात उगारला नाही. पन्नाशीच्या मुलाला मारण्यात आपलाच हात दुखतो. लोण्याची वाटी त्यांनी झाकून ठेवली आणि विचारले, "उद्या तोरनाखाली निस्तान्यायच्या घरचं काय उभं राह्यन? तू?"

जोडी उसनी आणावी, हा विचारच व्यर्थ होता. एरवी नांगराला, बंडीला कोणीही बैल देईल; पण पोळ्याच्या दिवशी आपली जोडी दुसऱ्याच्या नावाने तोरणाखाली घालायला सख्खा भाऊही तयार होत नाही. सणासाठी सासरी आलेले सचिनराव इतका वेळ गप्प बसले होते, यावरूनच प्रसंगाचे गांभीर्य कळावे. पण ते फार काळ टिकले नाही.

"आई, आयडिया हाय. ट्रॅक्टरवाले ट्रॅक्टर आनतात ना पोळ्यात? तेही तोरनाखालून जातात. आपन गाडी नेऊ. टेन्शन नाई!"

"ट्रॅक्टर मांगून जातात, जावईबापू. पंगत उठल्यावर पत्रावळी जातात तशे."

"पन आपल्या गाडीत दोनशे घोड्यायची ताकद हाय!"

"पोळा बैलायचा असते."

तथापि दुसरा उपाय कोणालाच सुचेना. मानाच्या जागी काहीच उभे नसणे हे लीलाबाईंना सर्वांत असह्य होते. रिकाम्या जागेत प्रभाकरराव पाय टाकणार. गाडीवर निदान त्यांना पाय टाकता येणार नाही. त्यांनी निकाल दिला.

"न्या. पन ध्यानात ठेवजा, तोरनाच्या पार गेली पाह्यजे. तथी म्हैस बसली तं मी तुमाले दोघायलेही ओळखत नाई."

दुसऱ्या दिवशी त्या गाडीला सजवण्यात आले. बॉनेटवर हरण्याची रेशमी झूल पसरली, आरशांना गोंडे बांधले, समोरच्या जाळीत बैलाच्या डोक्यावरचे मखर अडकवले. शिंगांना लावायचा बेगड उरला होता. तो सचिनरावांनी नंबरप्लेटीभोवती चिकटवला. मोहिनी हे सारे दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती.

"वेसन कुठी घालता, दाजी?" तिने विचारले.

"अवो वहिनी, ही ऑटोमॅटिक हाय."

"बैलही ऑटोमॅटिकच होते. म्हून तं इचारलं."

लीलाबाई पोळ्याला देवळाच्या ओट्यावर बसत. बायकांनी घरी थांबून ताटे तयार ठेवावीत, ही रीत इतरांसाठी होती. मोहिनी त्यांच्या शेजारी उभी राहिली. समोर साऱ्या गावचे बैल घुंगरमाळा हलवीत उभे होते आणि सर्वांच्या पुढे, तोरणासमोर, ती काळी गाडी. छताची काच सरकवून सचिनराव त्यातून कमरेपर्यंत वर आले होते आणि निवडणूक जिंकल्यासारखा गुलाल उधळीत होते.

गाडीच्या मागे प्रभाकररावांची जोडी होती. नवी कोरी जांभळी झूल पार गुडघ्यांपर्यंत, तोंडावर बाशिंगे, मोरक्यांना लोंबते गोंडे. बैलाचा बैल म्हणून दिसणारा भाग जवळजवळ शिल्लक ठेवला नव्हता. लीलाबाईंनी डोळे बारीक केले. डावीकडचा बैल उभ्या जागी पुढचा खूर मातीत घासत होता. घासे, थांबे, पुन्हा घासे.

"मोहिनी, डावा पाह्य."

मोहिनीने पाहिले आणि तिचा हात तोंडावर गेला. "आई… आपला बगळ्या!"

"अन् उजवा हरण्या. दलालाच्या आडून प्रभाकरभाऊजीनंच घेतली जोडी. मान पाह्यजे होता ना, म्हून मानाचे बैलच नेले."

इतक्यात गुलाब पुढे आला. हा मनुष्य वर्षभर कोणाच्या खिजगणतीत नसतो. पण पोळ्याला झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी कवने, तोच म्हणतो, आणि झडतीत कोणाचीही टोपी उडवायची त्याला त्या दिवसापुरती मुभा असते. त्याने एक हात कानावर ठेवला, दुसरा गाडीकडे केला.

"काळी काळी गाडी, तिच्या पोटात भरली हवा,
धक्का माराले पाव्हना आनला कारंज्याचा नवा!
हर बोला, हर हर महादेव!"

पटांगण खदखदले. सचिनरावांनी ही आपली स्तुती समजून गुलालाची आणखी एक मूठ उधळली.

डफडे वाजू लागले आणि ओमप्रकाशने गाडी पुढे घेतली. गाडीला समोरचे, मागचे, बाजूचे सारे दिसे. आणि जे दिसे त्याची ती तक्रार करी. मखर दिसले, टुकटुक केले. डफडेवाला दिसला, टुकटुक केले. मागे बगळ्याचे नाक लागले, तेव्हा तिने असा आकांत मांडला, की ओमप्रकाश गोंधळून खिडकीतून ओरडला, "भाऊ, बैल मांगं घ्या ना! गाडी भेऊन राह्यली!"

"माहे बैल तं नाई भेऊन राह्यले," प्रभाकरराव शांतपणे म्हणाले.

तोरणाची उंची बैलाच्या शिंगांच्या मापाने ठेवलेली असते. छतातून उगवलेल्या जावयाचे माप त्यात कोणी धरले नव्हते. गाडी खांबांच्या मध्ये आली आणि आंब्याच्या पानांचा तो जाडजूड दोर सचिनरावांच्या दोन्ही काखांत बरोबर बसला.

"थांबा! ओमभाऊ, थांबा! मांगं घ्या!"

ओमप्रकाशने करकचून ब्रेक दाबला. मागे घेणे शक्य नव्हते. मागे बगळ्या होता आणि गाडी भीत होती. समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला, मग तांबडा लागला, मग असे काही दिवे लागले, की जे त्या डॉक्टरने विकतानाही दाखवले नसतील.  शेवटी गाडीने एक दीर्घ, समाधानाचा सुस्कारा सोडला आणि तिची न बदललेली डावी बाजू खाली बसली. उजवीने थोडा मान ठेवला आणि मग तीही बसली.

गाडी खाली गेली, तिच्यासोबत सचिनराव खाली गेले, आणि सचिनरावांच्या काखांसोबत तोरण खाली गेले. दोर तणावला, करकरला आणि फटकन तुटला.

तोरण तुटले की पोळा फुटला, एवढेच गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत. ते कोणाच्या शिंगाने तुटले की कोणाच्या काखेने, हे पाहायला कोण थांबते? "पोळा फुटला रे!" अशी एकच आरोळी उठली. ही आरोळी हरण्या-बगळ्याला वर्षानुवर्षे ठाऊक होती. आरोळी झाली की पुढे निघायचे, सर्वांत आधी निघायचे. त्यांनी बसलेल्या गाडीला डावी घातली, बगळ्याच्या मानेच्या झटक्याने तिचा एक आरसा वाटेतून दूर झाला, आणि दोर धरलेल्या प्रभाकररावांना ओढीत ते दोन खांबांमधून पार गेले.

गुलाबला नवी झडती सुचायला वेळ लागला नाही.

"बैल इकून आनली गाडी, तिचं मोडलं कंबरडं,
छपरातून बांग देते कारंज्याचं कोंबडं!
हर बोला, हर हर महादेव!"

मोहिनी हसून हसून ओट्यावर खालीच बसली. लीलाबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर खांबांच्या पलीकडे लागली होती. तेथे प्रभाकरराव धापा टाकीत, टोपी सावरीत, जुन्या मंडळींना हात करून बोलावीत होते.

"पाह्यलं ना समद्यायनं? पयली जोडी कोनाची गेली? माही! निस्तान्यायची गाडी तं खाली बसली, पार कुठी गेली? आता पयली पूजा होईन माह्या दारी. ज्याच्या दारी पयली पूजा, त्याचा मान. रीत हाय का नाई?"

जुन्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. 

"रीत तं हाय," एक जण म्हणाला.

"मंग झालं! पुढच्या साली बी, अन् त्याच्या पुढच्या साली बी!"

इकडे वाट अडून बसलेली गाडी हलवणे भाग होते. ओमप्रकाश एका शेतकऱ्यापाशी जाऊन जोडी लावायची विनवणी करू लागला, तेव्हा त्या भल्या माणसाने त्याच्याकडे असे पाहिले, की जणू त्याने देवळात चपला घालून जायची परवानगी मागितली असावी.

"पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू? डोकं ठिकानावर हाय ना, ओमप्रकाश?"

"मंग ट्रॅक्टर तरी…"

"हार घातले त्याले. आज त्यालेही पोळाच हाय."

जिकडे पाहावे तिकडे बैल असलेल्या त्या पटांगणात एक गाडी ओढायला बैल मिळेना. शेवटी चऱ्हाट आणले गेले. एक पदर ओमप्रकाशच्या खांद्यावर, दुसरा सचिनरावांच्या. मागून चारदोन भाऊबंद रेटायला लागले. लीलाबाईंनी तिकडे शेवटचे एकदा पाहिले, शब्द दिल्याप्रमाणे दोघांनाही ओळखले नाही, आणि मधल्या बोळातून त्या घराकडे निघाल्या.

घरी ओसरीवर ताट मांडलेले होते: कुंकू, तांदूळ, निरांजन, पाय धुवायचा तांब्या, आणि सुपात जोडीसाठी पुरणाच्या पोळ्या. सून म्हणून आल्यापासून हे ताट त्यांनी दरसाल मांडले होते आणि ते कधी वाया गेले नव्हते.

"ताट उचल, मोहिनी."

"आई, थांबा ना जरासं."

"कोनासाठी थांबू? म्हशीसाठी?"

मोहिनीने निरांजन हातात घेतले, पण विझवले नाही. गल्लीच्या तोंडाशी घुंगरमाळा वाजत होत्या. त्यासोबत माणसांचा हशा ऐकू येत होता, आणि हशाच्या मधून प्रभाकररावांचा आवाज, अजिजीचा, जो गावाने यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

"अरे, इकडं… इकडं रे बाप्पा! आपलं घर तिकडं राह्यलं. वळ ना, राजा!"

हरण्या वळत नव्हता. बगळ्याही वळत नव्हता. तोरण झाले की कोठे जायचे, हे त्यांना कोणी नव्याने सांगितलेले नव्हते. ठोंबऱ्यांची गल्ली मागे पडली होती. तिच्या तोंडाशी ठोंबऱ्यांच्या घरच्या बायका ताट घेऊन अजून उभ्या होत्या.

"काठी दाखवा, प्रभाकरराव!" मागून कोणी ओरडले.

"पोळ्याले काठी?" दुसऱ्याने लगेच दटावले. "पाप लागते."

जोडी निस्तान्यांच्या ओसरीसमोर येऊन थांबली. बगळ्याने खूर घासला. हरण्याने सुपाकडे मान लांब केली. त्यांच्यामागे, दोराच्या दुसऱ्या टोकाला, घामाने निथळलेले प्रभाकरराव. आणि त्यांच्यामागे अर्धा गाव.

लीलाबाईंनी पदर नीट केला. "या, भाऊजी."

"वहिनी, थे… जोडी जराशी चुकली."

"चुकली नाई. गोऱ्हे होते तवापासून याच दारी पाय धुतात." त्यांनी तांब्या उचलला.

"थांबा, वहिनी! पयली पूजा माह्या दारी झाली पाह्यजे. जोडी माही हाय. पैसे मोजले म्या."

"मंग न्या ना." लीलाबाई बाजूला झाल्या. "मी कुठी धरून ठेवली?"

प्रभाकररावांनी दोर ओढला. हरण्याने सुपातली एक पोळी उचलली. प्रभाकररावांनी पुन्हा, थोडा जोर लावून ओढला. बगळ्यानेही एक उचलली.

"वेसनीले हिसका द्या," लीलाबाईंनी सुचवले.

प्रभाकररावांनी मागे पाहिले. अर्धा गाव त्यांच्या हाताकडे टक लावून होता. पोळ्याच्या दिवशी, जेवत्या बैलाला हिसका देणारा मनुष्य त्या गावात पुढे कोणत्या तोंडाने राहणार? त्यांचा हात सैल झाला.

लीलाबाईंनी सावकाश चारही बाजूंनी पाणी घातले, खूर धुतले, दोन्ही कपाळांवर कुंकू लावले, तांदूळ टाकले, ओवाळले. घाई कशाचीच नव्हती. मग त्या जुन्या मंडळींकडे वळल्या.

"पयली पूजा कोनाच्या दारी झाली, थे पाह्यलं ना? आताच भाऊजीनं पटांगनात सांगतली तीच रीत. जोडी त्यायची, त्याच्यावर माहा हक्क नाई. मान कोनाचा, थे तुमी सांगा."

"निस्तान्यायचा," जुन्या मंडळींपैकी एक जण म्हणाला, आणि त्याने हसू मिशीत दाबले. "पुढच्या साली बी."

लीलाबाईंनी कमरेची चंची सोडली, त्यातून एक नोट काढली, नीट सरळ केली आणि प्रभाकररावांपुढे धरली.

"हे काय, वहिनी?"

"बोजारा. जोडीचा दोर धरून दारी येनाऱ्या गड्याले आमी कधी रिकाम्या हातानं धाडलं नाई."

बोजारा नाकारणे म्हणजे बैलांचा अपमान, हे गावात शेंबडे पोरही सांगते. प्रभाकररावांनी नोटेकडे पाहिले, बैलांकडे पाहिले, जमलेल्या लोकांकडे पाहिले. मग त्यांनी ती घेतली आणि, रीत म्हणून, कपाळाला लावली.

एवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून घसटण्याचा आवाज आला. ओमप्रकाश आणि सचिनराव गाडी घेऊन येत होते. म्हणजे खांद्यावर चऱ्हाट, मान खाली, पाय मातीत रुतलेले, आणि मागून पोटावर सरपटणारी ती जर्मन वस्तू. सचिनरावांच्या गळ्यात आंब्याची पाने अजून लटकत होती. बोलण्याइतका दम त्यांच्यात आयुष्यात प्रथमच उरलेला नव्हता. ओसरीसमोर आल्यावर ओमप्रकाशने चऱ्हाट टाकले. त्याने आपल्या बैलांकडे पाहिले, म्हणजे जे आता आपले नव्हते त्या बैलांकडे. मग सुपातल्या पोळ्यांकडे पाहिले.

"माय, लय भूक लागली वं. वाढ ना."

"थांब जरासा," लीलाबाई मागे वळून न पाहता म्हणाल्या. "बैल जेवून राह्यले."